काचेतली खुकरी

वऱ्हाडातून सौराष्ट्राला निघालेल्या माणसाचा मार्ग ठरलेला असतो. अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून पोरबंदरची गाडी, मग द्वारका, सोमनाथ, वेळ उरला तर गीरचे सिंह आणि अगदी शेवटी दीव. दीव शेवटी का, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि घरी कोणी सांगत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, दीवमध्ये नाही. आमच्याकडे मात्र दीव आलं ते ताईमुळे. ताई अमरावतीला इतिहास शिकवते. सोमनाथाच्या दर्शनाइतकाच तिचा हट्ट ‘आयएनएस खुकरी’च्या स्मारकासाठी होता. मामा अकोल्याचे, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. उभा जन्म इंजिनं खोलण्यात गेला. त्यांना स्मारकाशी देणंघेणं नव्हतं, जहाज पाहायचं होतं.

चक्रतीर्थाच्या किनाऱ्याजवळ एका टेकाडावर हे स्मारक आहे. काचेच्या मोठ्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, आणि समोर थेट अरबी समुद्र. डिसेंबर १९९९ मध्ये ते उघडलं, म्हणजे जहाज बुडाल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, नऊच्या सुमारास, याच किनाऱ्यापासून दूर समुद्रात पाकिस्तानच्या ‘हँगोर’ या पाणबुडीनं खुकरी बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. सदुसष्ट वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं युद्धनौका बुडवल्याची जगातली ही पहिली घटना. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

एवढं सगळं ताईनं सांगितलं. मामांनी पेटीला एक पूर्ण फेरी मारली, चष्मा काढून पुसला आणि वाद सुरू झाला. तो खूप वेळ चालला. त्यातला ऐकण्यासारखा भाग इथे देतो. गाळलेला भाग चहा कुठे मिळेल याविषयी होता.

मामा : जहाज किती मिनिटात बुडालं म्हनते तू?

ताई : दोन-तीन मिनिटांत. टॉर्पेडो दारूगोळ्याच्या कोठाराखाली फुटला.

मामा : मंग हे पाह्य. काचेत कसं धडधाकट उभं आहे. रंग देल्ला, तोफा बसवल्या. आत्ता बंदरातून निघालं असं वाटते. बुडालेलं जहाज आहे हे कोनाले समजंन?

ताई : मग काय, फुटलेलं दाखवायचं होतं?

मामा : फुटलेलं दाखवा असं नाही म्हनत मी. काहून फुटलं ते दाखवा. एसटीची गाडी दरीत गेली तं पंचनामा होते. ब्रेक पाह्यतात, स्टिअरिंग पाह्यतात, टायर पाह्यतात. डायवर मेला असला तरी पाह्यतात. त्याच्या फोटोले हार घालनं येगळं आन् गाडी पाह्यनं येगळं. अथी नुसता हार आहे.

ताई : चौकशी झाली मामा, नौदलानं केली. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्या लोकांना भेटून त्यांच्या आठवणींचं पुस्तकही लिहिलंय. कारण हवंय त्यानं ते वाचावं. इथे माणूस चौकशी करायला येत नाही, माथा टेकायला येतो.

मामा : माथा टेकाले सोमनाथ झालं ना काल.

इथे ताई चिडली. पण मामांचा प्रश्न टाकून देण्यासारखा नव्हता. तिनं मग कारणं सांगितली. ती मला जमतील तशी मांडतो, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यावर उभा आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हँगोर काठेवाडच्या किनाऱ्याजवळ फिरत होती. तिचे रेडिओ संदेश आपल्याकडे पकडले गेले आणि तिला शोधायला चौदाव्या फ्रिगेट दलाला धाडलं गेलं. मुल्ला त्या दलाचे प्रमुख. या दलातली जहाजं ब्रिटिश बांधणीची, १९५० च्या दशकातली, आकारानं लहान आणि स्वस्तात बांधलेली. खुकरी, किरपाण, कुठार अशी शस्त्रांची नावं त्यांना दिलेली. कुठारचा बॉयलर फुटून ती मुंबईला दुरुस्तीत पडली होती, म्हणून ८ डिसेंबरला मुंबईहून निघाल्या त्या खुकरी आणि किरपाण. दोन जुन्या नौका आणि समोर फ्रान्सची त्या काळातली नवी दाफ्ने जातीची पाणबुडी. पाण्यातला आवाज टिपणारं जे यंत्र असतं ते सोनार. हँगोरला ही जहाजं फार लांबून ऐकू येत होती. जहाजांना पाणबुडी ऐकू यायला ती बरीच जवळ यावी लागे. अरबी समुद्रात वरचं पाणी गरम आणि खालचं थंड असतं. त्या थरांवर आवाज वाकतो आणि पाणबुडीला दडायला जागा मिळते. खुकरीवर त्या दिवसांत सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक नवा प्रयोग चालू होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेला एक तरुण नौदल अधिकारी तो करत होता. त्यासाठी जहाज हळू चालवावं लागे. पाणबुडीच्या शिकारीला निघालेलं जहाज हळू चालतं, तेव्हा शिकार कोणाची होणार, हा प्रश्न पुढे नौदलाच्या माणसांनीच विचारला. तो तरुण अधिकारीही त्या रात्री गेला.

मामा बॉयलरपाशी अडकले होते.

मामा : कुठारचा बॉयलर फुटला, म्हंजे तीनाचे दोन झाले. त्या दोनातल्या एकावर प्रयोग. मले सांग, कार्यशायेत गाडी येते, मेकॅनिक म्हनते नवीन पार्ट लावून पाहू. ठीक आहे, लाव. पन तीच गाडी पंढरपूरच्या यात्रेले धाडतो का आम्ही?

ताई : युद्ध चालू होतं. प्रयोग करायला शांततेचा वेळ कुठून आणायचा? सोनारचा पल्ला कमी आहे हेच तर खरं दुखणं होतं. त्यावर औषध शोधणारा माणूस जहाजावर होता, म्हणून तुम्ही त्याला दोष देता?

मामा : त्याले दोष नाही देत मी. तो पोरगा हुशारच असंन. मी म्हनतो, हे त्या काचेत लिहा. वेग किती होता, काहून कमी होता, कोनी ठरवलं. शायेतला पोरगा येऊन वाचंन आन् म्हनंन, अरे, असं झालं का. नुसतं शूर होते म्हनलं तं पोरगा आइस्क्रीम खायाले जाते.

ताई : आणि जिचा नवरा त्या जहाजावर होता ती बाई इथे येऊन काय वाचेल? वेग कमी होता, तुमचा माणूस वाचू शकला असता?

मामा : तिले आधीच माहीत असंन. बाकीच्यायले माहीत नाही.

मी मामांच्या बाजूनं झुकतोय हे मला तेव्हाच कळलं होतं. ताईचं म्हणणं हृदयाला धरून होतं, पण त्यात एक गृहीत होतं की कारण सांगितलं की शौर्य कमी होतं. मला तसं वाटत नाही. जुनी नौका, अपुरा सोनार, कमी वेग हे सगळं ठाऊक असूनही माणसं निघाली असतील, तर त्यांचं मोल वाढतंच. मुळात काचेतली ती नवीकोरी खुकरी पाहून हे निघणं किती अवघड होतं ते कळत नाही.

पुढचा वाद कॅप्टनचा.

मामा : त्यानं जॅकेट देल्लं, त्याले माझा दंडवत. पन नंतर जहाजावर काहून राह्यला? उडी माराले पाह्यजे होती.

ताई : मामा!

मामा : ऐकून तं घे. त्या रात्री काय झालं हे सगळ्यात जास्त कोनाले माहीत होतं? त्याले. कोन्ता हुकूम कोनी देल्ला, सोनारवर काय ऐकू आलं, काय नाही आलं. तो वाचला असता तं चौकशीत उभा राह्यला असता, बोलला असता. पुढच्या शंभर जहाजायच्या कामी आलं असतं. तो गेला आन् ते सारं त्याच्यासंगं गेलं.

ताई : खाली शेकडो माणसं अडकली आहेत, दारं उघडत नाहीत, जहाज एका बाजूला कलतंय. वाचलेल्या लोकांनी सांगितलंय की त्यांनी जवळच्यांना पाण्यात ढकललं, जा म्हणाले. आणि स्वतः थांबले. त्या क्षणी चौकशीचा विचार कोण करतं?

मामा : तेच तं. त्या क्षणाले कोनी विचार नाही करत. म्हनून आपुन आता करू.

ताई : तुमचा विचार हिशेबाचा आहे. त्यांनी हिशेब केला नाही, म्हणून आज आपण इथे उभे आहोत. बाकी १९३ जणांपैकी तुम्हाला एकाचं तरी नाव माहीत आहे?

मामा : नाही. तुले?

ताई गप्प बसली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे लागतं. मग तिनं दुसरीकडून सुरुवात केली.

ताई : आपल्याकडे बघा ना. अमरावती जिल्ह्यात यावली शहीद आहे, बेनोडा शहीद आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथे गोळीबार झाला आणि गावाच्या नावालाच शहीद शब्द चिकटला. एसटीच्या पाटीवर ते नाव तुम्हीच रंगवलं असेल. तिथे कोणी विचारत नाही की मोर्चा कोणत्या रस्त्यानं न्यायला हवा होता. आठवण ठेवायला एवढं पुरतं.

मामा : तथी गोया कोनी झाडल्या ते सगळ्यायले माहीत आहे ना. इंग्रजाच्या पोलिसानं. शाळंतल्या पोरालेही माहीत आहे. म्हनून विचारायची गरज नाही पडत. अथी मारनारा कोन होता ते तरी लोकायले माहीत आहे का? जाय, त्या सेल्फीवाल्याले विचारून ये.

हे मात्र खरं. आणि मारणारी हँगोर आज आहे. ती २००६ साली निवृत्त झाली आणि कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलीय, आत जाऊन पाहता येते. ९ डिसेंबर हा पाकिस्तानच्या नौदलात ‘हँगोर दिन’ म्हणून पाळला जातो. एकाच रात्रीच्या दोन वस्तू, एक कराचीत खरीखुरी लोखंडाची, एक दीवमध्ये काचेतली. ताईनं हे सांगितल्यावर मामांना पहिल्यांदा कराचीला जावंसं वाटलं.

मामा : १९७१ ले मी शायेत होतो. कराची जळाली हे रेडिओवर ऐकल्याचं आठवते, गल्लीत पेढे वाटले होते. खुकरीचं नाव काही आठवत नाही मले.

ताई : जिंकलेलं लक्षात राहतं. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्रवाहू बोटींनी कराचीवर हल्ला केला, म्हणून ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन. त्या हल्ल्यात त्यांची ‘खैबर’ बुडाली, तिच्यावरची दोनशेवर माणसं गेली. त्याच आठवड्यात विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’ पाणबुडी बुडाली, तिच्यातले सगळे गेले. त्यांचीही आई-बापं असतील. ते आपल्याला कुठे आठवतं?

मामा : आठवाले पाह्यजे असं मी म्हनत नाही. लढाई आहे. पन २०२३ चा नौदल दिन मालवणले झाला, केवढा गाजला. महाराजायचा पुतळा उभारला, पुढच्या ऑगस्टात पडला. म्हनून म्हनतो, पाया पाह्यत जा. भाषण नंतर.

आमच्या मामांना कोणत्याही विषयातून नटबोल्टवर येता येतं, पण या वेळी ते मुद्द्यालाच धरून होते. विक्रांतचंही त्यांनीच काढलं. पहिली विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालय होतं, २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा अंश घालून बजाजनं ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली. मामांच्या शेजाऱ्याकडे ती आहे. अकोल्याच्या जठारपेठेत भाजी आणायला विक्रांतचा एक कण जातो, असं मामा म्हणाले, आणि ते हसले नाहीत. त्या तुलनेत दीवनं बरं केलं. पहिलीचं नाव घेतलेली दुसरी खुकरी, १९८९ ची क्षेपणास्त्रवाहू नौका, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर इथेच संग्रहालयासाठी आणली गेली. मामांना तिचं इंजिन बघायचं होतं आणि प्रवासात पहिल्यांदाच ते मुलासारखे अधीर दिसले.

ताईला आणखी एक गोष्ट खुपत होती. ती म्हणजे आम्ही तिथे कसे आलो होतो. हॉटेल सोडलेलं, बॅगा गाडीत, नातवंडांचे ओले कपडे मागच्या काचेवर वाळत घातलेले. शेवटचा दिवस म्हणजे उरलेसुरले पैसे आणि उरलासुरला वेळ खर्च करण्याचा दिवस.

ताई : खरं सांगू, मला लाज वाटते. १९४ माणसांसाठी आपण काढले किती, तर दुपारची झोप आणि गाडीची वेळ यांच्या मधला तास. आधी यायला हवं होतं, अंघोळ करून, शांतपणे.

मामा : आधी आलो असतो तं पोरायनं सिंह सिंह केलं असतं. कोनाचंच ध्यान नसतं. आता सारं पाहून झालं, पोट भरलं, उन्ह उतरलं. आताच मानूस उभा राह्यते. आन् लाज काहाची? ते खलाशी सुट्टीत कुठी जात होते? त्यायनं दीवचा किनारा पाह्यला असंन तं असाच दुरून. त्यायले आपल्या पोरायचा गोंधळ आवडला असता.

ताई : तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू नका.

मामा : तू बोलतेस ते चालते का?

ताईला उत्तर देता आलं नाही. मी वऱ्हाडी माणूस म्हणून मामांच्या बाजूनं एक गोष्ट मनात जोडली. आमच्याकडे समुद्र नाही, पण खारं पाणी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा असा तीन जिल्ह्यांत पसरलाय. त्या विहिरींचं पाणी पिववत नाही. दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो याच पाण्याच्या जोरावर. दांडी दूर होती म्हणून वऱ्हाड थांबलं नाही. मामांचं लहानपण त्याच पट्ट्यात गेलं. समुद्र त्यांनी या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला आणि पहिल्याच दिवशी बोट बुडवून जिभेला लावून म्हणाले, आपल्यापेक्षा खारट आहे. असा माणूस खुकरीवर हक्कानं बोलतो, यात मला काही गैर दिसत नाही.

मग मामांनी तो प्रश्न विचारला. तो ताईनं इतका वेळ टाळला होता, असं मला आता वाटतं.

मामा : दुसरं जहाज होतं ना संगं? किरपाण. त्यानं काय केलं?

ताई : हँगोरनं पहिला टॉर्पेडो किरपाणवरच सोडला होता. तो खालून निघून गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. मग किरपाणवर आणखी एक सोडला. किरपाण वळली आणि पूर्ण वेगानं दूर गेली.

मामा : पान्यात मानसं सोडून?

ताई : हो. वाचलेले रात्रभर पाण्यात होते. दुसऱ्या दिवशी मदतीच्या नौका आल्या तेव्हा त्यांना उचललं.

मामा : हे बरोबर नाही झालं.

ताई : बरोबरच झालं, मामा. २२ सप्टेंबर १९१४. हॉलंडच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांच्या तीन क्रूझर होत्या. पहिलीला टॉर्पेडो लागला. दुसरी माणसं उचलायला थांबली, ती बुडाली. तिसरी दोघींची माणसं उचलायला थांबली, तीही बुडाली. एका जर्मन पाणबुडीनं, दीड तासाच्या आसपास, चौदाशेच्या वर माणसं. पाणबुडी जवळ असताना थांबायचं नाही, हे नौदलं तिथे शिकली. किरपाण थांबली असती तर इथे दोन जहाजं काचेत असती.

मामा : गनित बरोबर आहे. मले समजते. पन रातच्याले, थंड पान्यात, तेलात, तो पोरगा हात वर करून आहे आन् त्याच्या डोयासमोर आपलंच जहाज पाठ फिरवते. त्याले हे १९१४ चं गनित सांगशीन तू?

ताई : सांगायची गरज नव्हती. तो नौदलातला होता, त्याला ते माहीत होतं.

मामा : माहीत असनं आन् पटनं एक नसते, बाई.

दोघांनी जागा बदलल्या होत्या. हिशेब मागणारे मामा आता हिशेबावर रागावले होते आणि माथा टेकायला आलेली ताई आकडे सांगत होती. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. मी मध्ये बोललो नाही, कारण कोणत्याही एकाची बाजू घेतली की दुसऱ्याची मघाचीच वाक्यं माझ्यावर फेकली गेली असती.

मामा : मंग किरपाणही काचेत ठेवा. बाजूले. वाचलेलं जहाज म्हनून.

ताई : वाचलेल्या जहाजाचं स्मारक नसतं मामा.

मामा : काहून नसते? ज्यानं वळायचा हुकूम देल्ला तो मानूस घरी गेला, जेवला, झोपला. झोपला असंन का? त्याचं कोन लिहनार? मेलेल्याचं लिहनं सोपं. त्याले काही विचाराव लागत नाही.

ताई : ते त्याला विचारायला हवं होतं. दगड आणि काच काय सांगणार?

मामा : तेच तं म्हनून राह्यलो ना मघापासून. वाचलेल्यायले विचारा. सदुसष्ट होते म्हनते तू. किरपाणवरचे येगळे. त्यायच्या तोंडून अथी काही तरी ऐकू येऊ द्या.

ताई : आणि त्यांना बोलायचं नसेल तर?

मामा : मंग पंचनाम्यात तसं लिहाव. बोलाले नाही म्हनले, असं लिहाव.